मुक्कामाची सोय

भवानी पेठ, सोलापूर
५ ऑगस्ट २०२४

चि. शिवराज यास आशीर्वाद.

नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही आणि मला काही मागायचंही नाही. एक चौकशी करायची आहे, तेवढ्यापुरतं लिहिते.

बसलिंगप्पांची नेपाळची यात्रा यंदा नोव्हेंबरात निघते आहे. त्यांच्याच यात्रेत आचारी म्हणून तू पहिल्यांदा तिकडं गेलास, तेव्हा त्यांची ओळख तुला करून द्यायला नको. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढं बस, मग लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू. मी नाव घातलं आहे. एकसष्ट वर्षांत मी सोलापूर जिल्ह्याबाहेर तीनदा पडले, त्यातलं एकदा तुझ्या मामाच्या मयताला. म्हटलं, आता डोंगर बघून घ्यावेत.

पोखऱ्यात २९ नोव्हेंबर ते १ डिसेंबर असा तीन दिवस मुक्काम आहे आणि तिथली राहायची सोय ज्याची त्यानं ठरवायची आहे. बसलिंगप्पांनी पर्यायांचा एक कागद सगळ्यांना दिला. त्यात सगळ्यात खाली तुमच्या लॉजचं नाव आहे. ‘पोखऱ्यापासून जीपने दोन तास, खोलीतून हिमशिखरे दिसतात, घरगुती जेवण.’ उत्कर्षा माहेरी आली होती, तिनं मोबाइलवर फोटो दाखवले. कुणा पुण्याच्या माणसानं खाली लिहिलंय की इथली शेंगाचटणी खाऊन डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं आलं की चवीनं, ते त्यानं सांगितलेलं नाही. ती चटणी कुठून शिकलास हे मी कुणाला सांगत बसले नाही.

तर चौकशी अशी. जीप दारापर्यंत येते का, की पुढं चढ आहे? संडास खोलीला लागून आहे का? पांघरूण किती देतात? सकाळी पूजेला बसायला थोडी कोरडी जागा मिळते का? हे मी एक प्रवासी म्हणून विचारते आहे. त्या दिवसांत जागा नसेल तर तसं कळव, बाकीचे पर्याय आहेतच.

फोन करायला हवा होता असं तू म्हणशील. तीनदा केला. तिन्ही वेळा तिकडून बाईचा आवाज आला आणि मी ठेवून दिला.

घरच्यांना नमस्कार.

तुझी आई,
हेमावती


२९ ऑगस्ट २०२४

चि. शिवराज यास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. पोस्टाला वेळ लागतो, हे मी धरून चालले आहे. दरम्यान बसलिंगप्पांना गाठून सगळे पर्याय नीट समजून घेतले. विकायच्या चटणीच्या शेंगा भाजताना बसून ऐकले, त्यामुळं एक घाणा करपला, पण ज्ञान पुष्कळ मिळालं.

पहिला पर्याय धर्मशाळा. हॉल मोठा, गाद्या जमिनीवर, पहाटे चारपासून कुणी ना कुणी खोकतं. गुडघ्यांमुळं मला जमिनीवरून उठवत नाही. दुसरा, तळ्याकाठचं हॉटेल. लिफ्ट, गरम पाणी, खोलीत टीव्ही. दोघींनी मिळून घ्यावं म्हणतात, पण माझ्याबरोबर कोण राहणार? यात्रेतल्या सगळ्या बायका नवऱ्याबरोबर नाहीतर जावेबरोबर आहेत. मी एकटी विषम आकडा आहे. बसलिंगप्पा म्हणाले, “हेमाक्का, तुमाला एकटीला खोली घ्यावी लागंल की.” एकटीच्या खोलीचं मला नवल नाही. इथं तीन खोल्या आहेत आणि तिन्ही एकटीच्याच आहेत.

तिसरा पर्याय म्हणजे एका खोलीत आठ पलंग, वर चार आणि खाली चार, बायका-पुरुष एकत्र. तो मी ऐकूनच सोडला.

चौथा मात्र मला आवडला. खेड्यातल्या घरात राहायचं. गावात पोचलं की गावातली माणसंच ठरवून देतात, तुम्ही ह्या घरी, तुम्ही त्या घरी. मग घरची बाई टिळा लावते, हार घालते आणि आपण त्यांच्या चुलीपाशी जेवायला बसायचं. अनोळखी माणसाला घरात घेतात, असं म्हणाले. मी विचारलं, जातपात विचारत नाहीत? ते म्हणाले, फक्त वाटेत पाय दुखले का ते विचारतात.

आणि पाचवा, डोंगरवाटेवरची तुमच्यासारखी लॉजं. तिथली रीत त्यांनी सांगितली ती मला नवी होती. खोलीचं भाडं नावाला, पण जेवायचं तिथंच. जिथं झोपायचं तिथंच जेवायचं. दुसरीकडं जेवून आलं तर मालक रुसतो.

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात नको ते विचार येतात. तुम्ही दोघं आला होता तेव्हा मी तुमची सोय चांगलीच केली होती, हे तू विसरला नसशील. स्टेशनजवळच्या लॉजमधली कोपऱ्यातली खोली, संडास आत, चादरी माझ्या समोर बदलून घेतल्या होत्या. शेजारच्या गुलबानोच्या पीरसाबची रिक्षा दोन वेळा डबा घेऊन यायची. डब्यात मी काही कमी पाठवलं नव्हतं. हे नुसतं आठवलं म्हणून लिहिलं.

जागेचं तेवढं कळव.

तुझी आई


२३ सप्टेंबर २०२४

शिवराज,

तुझं पाकीट आलं. दारातच उभ्यानं फोडलं. आत एक छापील कागद.

‘आपल्या चौकशीबद्दल आभार. २९ नोव्हेंबर ते १ डिसेंबर या काळात आमच्याकडे खोली शिल्लक नाही. आपल्या सोयीसाठी इतर पर्याय खालीलप्रमाणे.’ खाली सहा नावं आणि फोन नंबर. सही नाही, लॉजचा शिक्का. पाठीमागे पेनानं एकच ओळ: ‘तू तिला घरात घेतलं नाहीस.’

मी उत्कर्षाला फोन करून तारखा बघायला सांगितल्या. ती म्हणाली, “आई, तीन खोल्या रिकाम्या दिसतात की गं.” मी म्हटलं, असू दे, मला तळ्याकाठचं बरं पडेल.

आता तू विषय काढलाच आहेस तर मीही बोलते. राग येईल तर येऊ दे.

तुम्ही मे महिन्यात आलात. एप्रिलात तिकडं भूकंप झाला, तिच्या माहेरचं घर पडलं, तुमचं नवं मांडलेलं लॉजही गेलं. दोन पिशव्या घेऊन स्टेशनवर उतरलात आणि तिथून फोन केलास, “आई, आम्ही आलोय, दोन-तीन महिने राहू.” त्याआधी दोन वर्षं तू लग्न केल्याचं मला फोनवर सांगितलं होतंस आणि मी ते पेठेत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. तुझे बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं ते मला माहीत नाही. ते चार वर्षांपूर्वीच गेले होते. आणि नेमके त्याच आठवड्यात अक्कलकोटचे पाहुणे उत्कर्षाला बघायला यायचे होते. तिची दोन स्थळं आधी मोडलेली. लिंगायत घर, पोराची बायको कुठल्या देशाची, कुठल्या धर्माची, काय खाते, हे प्रश्न त्यांनी विचारलेच असते. मी काय करायला हवं होतं? चार दिवस लॉजवर काढा, पाहुणे गेले की घरी या, एवढंच मी म्हटलं. तुम्ही तिसऱ्या दिवशी निघून गेलात. चौथा दिवस थांबला असता तर मी घरात घेतलंच असतं.

उत्कर्षाचं लग्न झालं. तिला दोन मुलं आहेत. तू मामा आहेस, हे त्यांना फोटोवरून माहीत आहे.

हेमावती


१० ऑक्टोबर २०२४

शिवराज,

मागचं पत्र रागात टाकलं. टाकल्यावर पेटीच्या फटीत हात घालून बघितला, पण हात मनगटापुढं जात नाही. पोस्टातल्या बाईनं विचारलं, “आजी, काय पडलं का आत?” मी म्हटलं, हो.

शेजारच्या गुलबानोला मी सगळी पत्रं वाचून दाखवते. दुसरं कोण आहे? ती टॉवेलांच्या कडा शिवत ऐकत असते. काल म्हणाली, “ताई, तुमी कागद लई लिवताव. पांघरूण इचारताव, संडास इचारताव. त्या पोरीचं नाव एका बी कागदात न्हाय.”

मी म्हटलं, असेल की गं. मग आठवून बघितलं. खरंच नाही.

सुनमाया. घे, लिहिलं.

घरात बोलायला कुणी नाही म्हणून मी कडक भाकरी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना दारात थांबवते. त्यांना घाई असते. पिशवी हातात घेऊन ती पाय हलवत उभी राहतात आणि मी बोलत सुटते. मला ते दिसतं, तरी मी थांबत नाही. तू होतास तेव्हा मी तुला म्हणायची, किती बडबडतोस. फार एकटं वाटतं रे, शिवराज. हे आधीच्या पत्रांतही लिहायचं होतं, पण संडासाचं आणि पांघरुणाचं लिहीत बसले.

आई


२१ ऑक्टोबर २०२४

चि. शिवराज व सौ. सुनमाया यांस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. हातानं लिहिलेलं, तीन पानी. दोनदा वाचलं, मग गुलबानोला वाचून दाखवलं. ती सुई बाजूला ठेवून ऐकत राहिली.

खोली देतोस, आनंद झाला. खालच्या मजल्यावरची, चुलीच्या भिंतीला लागून म्हणजे ऊब राहील, हे तुला सुचलं याचंही बरं वाटलं. जेवण तुमच्याबरोबर स्वयंपाकघरात, प्रवाशांच्या हॉलमध्ये नाही, हेही वाचलं. नातीचं नाव कळलं. सात वर्षांची आहे आणि मला ते आज कळतंय.

बसलिंगप्पांना सांगून आले की माझी पोखऱ्यातली सोय झाली. ते म्हणाले, “कुटं?” मी म्हटलं, मुलाकडं. असं मी नऊ वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. घरी येऊन शेंगा निवडायला बसले, तर शेंगा कुठल्या आणि खडे कुठले ते दिसेना.

तू जे सुनमायाबद्दल लिहिलंस, त्यावर सविस्तर नंतर लिहीन. आत्ता लिहवत नाही. तब्येत बरी आहे.

तुझी आई


४ नोव्हेंबर २०२४

शिवराज,

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवते आहे, म्हणजे मी निघायच्या आत तुला मिळेल. सगळं वाच. मध्येच फाडू नकोस.

तुझ्या पत्रातल्या चार ओळी मला पाठ झाल्या आहेत. ‘मी तुला कधीच बोलावलं नसतं. पण सुनमाया पहिल्यापासून म्हणते, आई वाईट नाहीत. त्या दिवशी ती धुतलेला डबा परत द्यायला घरी गेली, तेव्हा दारात तू चांगलं बोललीस, पाणी विचारलंस. घरात पाहुणे होते म्हणून आत बोलावता आलं नाही. तिच्या ह्या शब्दावर मी खोली देतोय.’

शिवराज, मी पाणी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली. रिक्षा न करता, विचारत विचारत चालत आली असावी, कारण चेहरा लाल झाला होता. हातात आपला चार पुडांचा डबा, घासून लख्ख केलेला. माजघरात अक्कलकोटचे पाहुणे बसलेले, हातात पोह्यांच्या बश्या. मी दारात गेले. ती हसली आणि हिंदीत म्हणाली, “माँजी, डब्बा.” मी डबा घेतला. आतून विहीणबाईंनी, म्हणजे तेव्हा अजून त्या विहीण नव्हत्या, विचारलं, “कोन आलंय?” आणि मी तिच्यासमोर, मोठ्यानं, म्हटलं, “कुणी नाही, लॉजवरची बाई आहे. डबा द्यायला आलीय.”

वर आणखी नीट कळावं म्हणून हिंदीत तिला म्हटलं, “ठीक है, जाओ.”

तिला मराठी येत नव्हती, पण ‘लॉज’ आणि ‘बाई’ कळायला मराठी कशाला यावी लागते? मी पाठ फिरवून आत गेले. त्याच संध्याकाळी तुम्ही गेलात. मला नऊ वर्षं वाटत होतं की तिनं तुला हे सांगितलं आणि म्हणून तू तोडलंस. तुझा राग मला म्हणूनच पटायचा. आणि तिनं तर तुला पाणी विचारल्याचं सांगितलं. तू आईवर आणखी चिडू नयेस म्हणून सांगितलं असेल, की स्वतःच्या मानासाठी, ते मला कळत नाही. तिच्या खोट्यावर मला तुझ्या घरात उबेची खोली मिळते आहे. पंधरा दिवस मी ती खोली डोळ्यांसमोर आणून बघितली. तुझ्या चुलीपाशी बसले आहे, ती वाढते आहे, तू बघतो आहेस, आणि आम्हा दोघींनाच माहीत आहे. मला घास गिळवला नसता.

आधी वाटलं होतं, तिथं गेल्यावर तिची एकटीची माफी मागावी, तुला कळायची गरज काय. हा विचार मी चार दिवस छान बाळगला. खोटं कशाला बोलू?

परवा दिवाळीचा फराळ घेऊन अक्कलकोटला गेले. रंभाबाई, उत्कर्षाच्या सासूबाई, दारातच “बर्री, बर्री, कूडरी” असं कानडीत या-बसा करत आल्या, हात धरून बसवलं. त्या घरात मला नेहमी असंच हात धरून आत नेतात. चहा झाला. उत्कर्षा शेजारीच बसली होती. मी म्हटलं, विहीणबाई, तुमच्यापासून एक गोष्ट लपवली आहे. तुम्ही मुलगी बघायला आलात तेव्हा दारात डबा घेऊन जी बाई आली होती, ती माझी सून होती. हे कळल्यावर तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, पण उत्कर्षाला काही बोलू नका.

रंभाबाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, “आमाला तवाच कळलं हुतं की.”

मी म्हटलं, कसं?

“तुमी वळून आत आलाव. मी दाराच्या समोरच बसले हुते. त्या पोरीनं वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आनि मग गेली. लॉजवरची बाई उंबऱ्याच्या पाया पडती व्हय? आनि तुमचा पोरगा नेपाळातच ऱ्हातो, हे तर समद्यास्नी ठाव हुतं.”

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत?

“तुमी सांगंनात, म्हनून आमी बी इचारलं न्हाय. पोरगी पसंत हुती आमाला. वाटेत ह्यास्नी म्हटलं बी, बाई लई भ्याली हाय, आपन तिला आनि कशाला भ्यायला लावायचं.”

म्हणजे काही मोडणार नव्हतं. मी म्हटलं असतं, ही माझी सून, भूकंपातून आली आहे, तर रंभाबाईंनी सरकून तिला शेजारी जागा दिली असती. कशालाच काही झालं नसतं. मी तिथं त्यांच्या घरात रडले. त्यांच्या समोर रडण्याइतकी आमची ओळख नाही, तरी रडले.

येताना उत्कर्षा एसटी स्टँडपर्यंत सोडायला आली. मी तिला म्हटलं, मी सगळं तुझ्यासाठी केलं गं. ती थांबली आणि म्हणाली, “आई, माझं नाव पुढं करू नकोस. मी म्हटलं होतं का दादाला लॉजवर ठेव म्हणून? मला त्या दिवशी माझी वहिनी बघायची होती.” मग एसटी लागली आणि ती निघून गेली, गाडी हलेपर्यंत थांबली नाही.

आता तुला सगळं माहीत आहे. तू वाईट आई म्हणालास तर ते बरोबर आहे. चौथ्या दिवशी घरात घेतलंच असतं, असं मी मागं लिहिलं. तेही खोटं आहे. चौथ्या दिवशी मला लग्नाची तारीख आठवली असती आणि मग बस्ता, मग हळद, मग आणखी काही. माझ्या घरातली माणसंसुद्धा मी पाहुण्यांना बघून मोजत होते.

पेठेत आता सांगितलं आहे. दारात गिऱ्हाइकांना थांबवून सांगते, मला सून आहे, तिचं नाव सुनमाया, तिला एक मुलगी आहे. आता ती पाय हलवत नाहीत, थांबून ऐकतात. यात मोठेपणा काही नाही. उशीर फार झाला आहे, एवढंच त्यातलं खरं.

बसलिंगप्पांकडं धर्मशाळेत एक गादी माझ्या नावावर लिहून आले. जमिनीवरून उठायला कुणी ना कुणी हात देईल. २९ ते १ मी तिथं आहे. तू दिलेली खोली मी घेतली असं धरू नकोस, कारण ती तू काही माहीत नसताना दिलीस.

हे पत्र सुनमायाला वाचून दाखव, हिंदीत सांग, एक शब्द मऊ न करता. मग मला बोलवायचं की नाही, ते तिला ठरवू दे, तू मध्ये पडू नकोस. बोलावलं तर मी येईन. तुमच्या हॉलमध्ये प्रवासी बसलेले असतील, त्यातलं कुणीतरी विचारेलच, ही म्हातारी कोण आलीय. तिनं त्यांना काय सांगायचं ते तिचं ती बघेल. ती जे सांगेल ते मी दारात उभी राहून ऐकेन, आणि म्हणेन, हो.

हेमावती